हंसाचा बिल्ला

युद्धकाळातील लष्करी टपाल सेवेच्या गणवेशातील वस्तू मी गेली तीस वर्षे जमवीत आलो आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हा छंद फारसा शोभत नाही, असे माझ्या काही मित्रांचे मत आहे. संग्रह मोठा नाही. दोन सदरे, एक टोपी, पट्ट्यांची काही बक्कले, बाहीवरच्या फिती आणि एका लाकडी पेटीत मावतील एवढी बटणे व बिल्ले. परंतु या वस्तूंनी मला वाङ्मयासंबंधीच एक प्रश्न विचारावयास लावला, म्हणून हे लेखन.

पत्र या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना आपण लिहिणारा आणि वाचणारा ही दोनच टोके लक्षात घेतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदी सैनिकांची पत्रे सेन्सॉरकडून तपासली जात. त्यांतील जे उतारे इंग्रजीत करून ठेवले गेले, ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतील निवडक पत्रे १९९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. निरक्षर सैनिकाचे मनोगत उतरवून घेणारा लेखनिक, ते वाचणारा सेन्सॉर, अनुवादक, संपादक या सर्वांची दखल अभ्यासकांनी घेतली. ती पत्रे खांद्यावरून वाहून नेणारा मनुष्य मात्र या चर्चेत अभावानेच भेटतो.

वस्तुतः त्याची परंपरा जुनी आहे. हिंदुस्थानातून निघालेल्या सैन्याबरोबर फील्ड पोस्ट ऑफिस जाऊ लागले ते १८५६ च्या इराण मोहिमेपासून. या सेवेतील बहुतेक माणसे मूळची नागरी टपाल खात्यातली; लष्करात जाताना ती हुद्दा आणि गणवेश धारण करीत. प्रतिनियुक्तीची ही पद्धत आजही चालू आहे. गावात खाकी आणि छावणीतही खाकी. फरक काय तो बटणांचा आणि बिल्ल्यांचा. पण तेथेही त्यांना स्वतःचे चिन्ह नव्हते. ब्रिटिश सैन्यातील टपालवाले १९१३ पासून रॉयल इंजिनिअर्सचा भाग होते. स्वतंत्र भारतात ही सेवा १९७२ पर्यंत आर्मी सर्व्हिस कोअरशी संलग्न राहिली. त्यामुळे हाती आलेला बिल्ला टपालवाल्याचा की रसद पुरविणाऱ्याचा, हे केवळ बिल्ला पाहून ठरविता येत नाही. गुप्ततेसाठी फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावर स्थळाचे नाव नसे, केवळ क्रमांक असे. स्थळ क्रमांकाआड दडले आणि माणूस दुसऱ्याच्या बिल्ल्याआड.

बांगलादेश युद्ध संपून तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा १ मार्च १९७२ रोजी आर्मी पोस्टल सर्व्हिस हा स्वतंत्र कोअर अस्तित्वात आला. आपल्या नागपूरजवळच्या कामठीला त्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्याचे ब्रीद ‘मेल मिलाप’. त्यातील ‘मेल’वरचा श्लेष रसिकाला सांगावयास नको. चिन्ह आहे हंसाचे. तो बिल्ला प्रथम तळहातावर घेतला तेव्हा रघुनाथपंडितांचे नलदमयंतीचे आख्यान आठवल्यावाचून राहिले नाही. त्या काव्यात हंस हा नुसता निरोप्या नाही. तो बोलतो, विनवितो, वर्णन करतो. वाचकाच्या मनात तो नायक-नायिकेइतकाच ठसतो. जुन्या कवीने दूताला वाणी दिली होती. आधुनिक युद्धाने दूतांची संख्या कैक पटींनी वाढविली, आणि त्यांना मुके केले.

हे मुकेपण बाजारातही दिसते. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या मटन स्ट्रीटवर अधिकाऱ्याच्या कोटाला गिऱ्हाईक मिळते. टपालवाल्याची बटणे मोडीच्या भावाने, वजनावर जातात. वितळलेल्या पितळेला इतिहास उरत नाही, म्हणून मी ती घेतो. विक्रेते वस्तूबरोबर कहाणीही विकतात. प्रत्येक बटण ब्रह्मदेशच्या आघाडीवरून आलेले असते. मी वहीत केवळ डोळ्यांना दिसते तेवढेच टिपतो. संहितेच्या अभ्यासाने लावलेली ही शिस्त येथेही उपयोगी पडते. आणि कडेवर नाव कोरलेले पदक कितीही स्वस्त मिळाले तरी घेत नाही. ते कोणाच्या तरी घरचे आहे.

आता वयोमानानुसार या पेटीची व्यवस्था लावणे भाग आहे. शस्त्रे व ध्वज यांच्यासाठी संग्रहालये आहेत. माझी इच्छा आहे की हा संग्रह एखाद्या ग्रंथालयात, सैनिकांच्या पत्रांशेजारी राहावा. पत्रवाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने त्यातील एक सदरा अवश्य उलगडून पाहावा. त्यावर नाव नाही, क्रमांक नाही. उजव्या खांद्यावर कापड विरले आहे आणि तेथे तीन वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी, तीनदा रफू केलेले आहे. डावा खांदा जवळजवळ नवा आहे.