एका सामायिकाचे छायाचित्र

साठीनंतर दुकानाची गादी मुलाकडे सोपवून नगरच्या एका धान्य-व्यापाऱ्याने डिजिटल छायाचित्रणाची शिकवणी लावली. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ यांचा हिशेब त्यांना लवकर उमगला; अडचण होती ती निवडीची. वेरूळच्या 32 व्या लेण्यात, इंद्रसभेत, त्यांनी 400 छायाचित्रे टिपली. "यांतील एकच ठेवा," शिक्षक म्हणाले. ते त्यांना जमेना. फिल्मचे रीळ 36 चित्रांत संपत असे; मेमरी कार्ड लवकर भरत नाही. परिग्रह केवळ तिजोरीतच साठत नाही, हे त्या रात्री त्यांना जाणवले.

पुढच्या पाठाचा विषय होता खिडकीतला उजेड. घरी 84 वर्षांच्या मातोश्री रोज सकाळी पूर्वेच्या खिडकीजवळ सामायिकाला बसत. शटरच्या आवाजाने त्यांच्या समभावात व्यत्यय नको, म्हणून कॅमेरा मांडीवर ठेवून ते समोर स्वस्थ बसले. त्या 48 मिनिटांत भिंतीवरचा उजेड हळूहळू आसनावर उतरताना त्यांनी पाहिला. सामायिक पारून, मुहपत्ती सोडून मातोश्री आसनाची घडी घालू लागल्या, तेव्हा परवानगी घेऊन त्यांनी एकच छायाचित्र टिपले. त्यात चेहरा नाही. केवळ सुरकुतलेले हात आणि पांढरे आसन.

"दुकान सोडून इतका वेळ माझ्याजवळ तू पहिल्यांदाच बसलास, बेटा," मातोश्री म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ते पुन्हा आले. कॅमेरा कपाटातच होता. हाती होते आसन.