मखराची मागची बाजू

करवतीने नक्षी कापली म्हणजे काम संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः जाळीकामात करवत थांबते तेथे काम निम्मेच झालेले असते. उरलेले निम्मे काचकागदाचे, तेलाचे आणि लाखेचे, म्हणजेच धीराचे. त्याचा गौरव कोणी करीत नाही. ते नीट झाले तर नजरेस येत नाही, आणि बिघडले तर प्रथम तेच डोळ्यांत भरते.

आपल्या गोव्यात मखर म्हटले की दोन चित्रे उभी राहतात. देवळात नवरात्रीच्या रात्री वाद्यांच्या गजरात देवाला झुलवितात ते एक. आणि चतुर्थीला घरोघरी गणपतीभोवती उभारतात ते दुसरे. आमच्या मूळ घरातील मखर सागवानी चौकटीचे आणि जाळीदार फळ्यांचे होते. आम्ही भावंडे चार गावी पांगलेली. वर्षातून एकदा एकत्र येतो, आणि त्या फळ्या खाचांत बसविता बसविता वर्षभराचे अबोले सुटतात. फळ्यांना वाळवी लागली तेव्हा धाकट्या भावाने तयार मखर विकत आणण्याची सूचना केली. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली असली, तरी झटपट मखरांचा बाजारात तोटा नाही. त्याची अडचणही खरी होती : करणारे हात घरात उरले होते कोठे?

तेव्हा सोळा वर्षांची पुतणी म्हणाली, "काका, कापायचे मी पाहते. गुळगुळीत करायला तुम्ही बसा." तिच्यापाशी विजेवर चालणारी लहान जाळी-करवत होती. शिवणीच्या ६ मिलिमीटर जाडीच्या फळ्या आणल्या, आणि वैशाखात काम सुरू झाले. वैशाखच का, ते पुढे सांगतो.

या कामातील पहिला नियम उलटा वाटेल असा आहे : घासावयाचे ते कापण्यापूर्वी. फळी अखंड असते तोवर तिच्यावर जोर देता येतो. एकदा वेलबुट्टी कापली की नाजूक देठ काचकागदाच्या ओढीने मोडतात. म्हणून आधी १२० नंबरचा, मग १८० आणि शेवटी २२० नंबरचा काचकागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळून रेषांच्या दिशेनेच चालवावा. आडवा चालविल्यास पडलेले ओरखडे लाख लावल्यावर हटकून दिसतात. एक नंबर गाळून पुढे जाण्याचा मोहही टाळावा. जाड कागदाचे ओरखडे बारीक कागदाने निघत नाहीत, नुसते झाकले जातात.

कापून झाल्यावर पात्याच्या दातांनी खालच्या अंगाला कुसळे उठलेली असतात. ती काढण्यास फळी सपाट पाटावर ठेवून २२० नंबरचा कागद हलक्या हाताने फिरविणे पुरे. आतील छिद्रांसाठी बांबूच्या कामटीला काचकागदाची पट्टी चिकटवावी. कोपऱ्यांसाठी बारीक कानस. मात्र कडा गोल होऊ देऊ नयेत. जाळीचे सौंदर्य तिच्या धारेत आहे. मग ओल्या फडक्याने फळी एकदा पुसावी. दबलेले तंतू पाण्याने उभे राहतात. वाळल्यावर तेवढे घासून टाकले की पुढे लाख खरखरीत होत नाही.

आमच्या वाड्यावरील एक वृद्ध मेस्त काम पाहावयास आले. त्यांनी पहिली फळी हाती घेतली ती उलटी करूनच.

"बाय, मागची बाजू राहिली गो."

"मामा, मागे तर भिंत असते. कोण पाहणार?"

"पाहणार कोणी नाही. पण मखर लावताना आणि काढताना बोटे कुठे लागतात? मागेच ना?"

पुतणी निरुत्तर झाली. मेस्तांच्या बोलण्याला आणखी एक आधार आहे. पुढच्या बाजूला लाख लावून मागची कोरी ठेवली, तर पावसाळ्यात कोरी बाजू दमट हवा शोषून फुगते, बंद बाजू फुगत नाही, आणि फळी पन्हाळीसारखी वाकते. मग ती खाचेत बसत नाही. म्हणून जितके हात पुढे, तितकेच मागे.

जाळीच्या आत कुंचला नीट पोहोचत नाही. त्यासाठी पसरट ताटात उकळलेले जवसाचे तेल घेऊन फळी त्यात बुडवावी, पंधरा-वीस मिनिटे निथळू द्यावी आणि राहिलेले तेल पुसून घ्यावे. काही दिवस पुरते वाळल्यावर लाखेचे हात द्यावेत. २५० मिलिलिटर स्पिरिटात ३० ग्रॅम चपडा लाख विरघळविली की पातळ पॉलिश होते. जाड एका हातापेक्षा पातळ तीन हात बरे. मध्ये ३२० नंबरचा कागद नुसता फिरवावा. लाख दमट हवेत लावली तर पांढुरकी पडते. चतुर्थी भाद्रपदातली, म्हणजे ऐन पावसाळ्यातली; म्हणून हे काम वैशाखातच उरकावे लागते.

दोन धोके मात्र ध्यानी असावेत. तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि अशा बोळ्याला आपोआप आग लागू शकते. ते बाहेर मोकळे पसरून वाळवावे किंवा पाण्यात भिजवावे. ओल्या लाखेजवळ समई नसावी, हे वेगळे सांगणे नको. दुसरे, घासताना नाकातोंडावर चांगला मास्क हवा. लाकडाची धूळ माणसाला कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदविले आहे. आमच्या पुतणीला उकाड्यात मास्क नकोसा होई. तेथे मात्र मी तिचे ऐकले नाही.

घासताना एका कमळाची पाकळी मोडली. तिने ती सरसाने जोडली, रात्रभर दाबून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा २२० नंबरचा कागद हाती घेतला. करवत चालविणे तिला यंत्राने शिकविले असेल. पण हे दुसरे बसणे तिचे स्वतःचे होते. एखादी कला घरात राहते ती अशा दुसऱ्या बसण्यामुळे.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी फळ्या खाचांत बसल्या. पाहुण्यांनी पुढची नक्षी वाखाणली. धाकट्या भावाने मात्र फळी उचलताना मागून तळवा फिरविला, क्षणभर थांबला, आणि पुतणीला म्हणाला, "पुढच्या वर्षी चौकटही नवी करायची असेल, तर घासायला मी चार दिवस आधी येतो."

चार दिवस आधी! आमच्या घराला त्या मखराने एवढे दिले, हे थोडे झाले असे मला वाटत नाही.