जलद, जल्दी आणि ‘जिल्दी’

इंग्रजी कोशांत ‘जिल्दी’ हा शब्द सैनिकी बोलीतला म्हणून नोंदलेला आढळतो. पाय उचल, हालचाल कर, एवढाच त्याचा आशय. फार्सी ‘जल्द’पासून हिंदुस्थानी ‘जल्दी’च्या वाटेने तो गोऱ्या शिपायांच्या तोंडी गेला. किपलिंगच्या १८९० सालच्या ‘गंगा दीन’ या कवितेतला शिपाई तो भिस्त्यावर फेकतो. पुढे ब्रॉफी आणि पार्ट्रिज यांनी १९३० साली पहिल्या महायुद्धातील शिपायांच्या बोलीचा संग्रह केला, त्यातही तो आहे. इंग्रजीत शिरताना या शब्दाची एकच छटा टिकली, ती हुकमाची. त्यातली घाई नेहमी दुसऱ्याने करावयाची असते.

हिंगोली ही १९०३ पर्यंत निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्या छावणीपासून फार दूर नसलेल्या, पूर्णेकाठच्या सिद्धेश्वरमध्ये ‘जल्दी’चे आयुष्य मात्र अगदी निराळे. येथे आई लेकराला ‘जल्दी ये रे’ म्हणते, तेव्हा त्यात हुकमापेक्षा काळजी अधिक असते. निजामी राजवटीत उर्दू ही कारभाराची आणि शिक्षणाची भाषा होती. त्या सहवासाने मराठवाड्याच्या बोलीला जे दिले, त्यातला हा एक घरगुती शब्द. तरीही निबंधाच्या वहीत त्याच्यावर लाल रेघ येते आणि शेजारी ‘लवकर’ लिहिले जाते.

वस्तुतः त्याच ‘जल्द’पासून आलेला ‘जलद’ प्रमाण मराठीत सन्मानाने नांदतो. मुंबईची लोकल जलद असते, न्यायालय जलदगती असते. तेथे कोणी मूळ विचारीत नाही. किंबहुना मेघवाचक संस्कृत ‘जलद’शी त्याचे रूप जुळल्याने त्याला आयतेच जानवे लाभले असावे. (पाणी देणारा तो जलद, आणि भिस्तीही पाणीच देतो. योगायोगच, पण बोचणारा.) म्हणजे शब्दाचे देशी-परकेपण व्युत्पत्ती ठरवीत नाही, तो कोणाच्या तोंडी आहे, यावर ते ठरते. माधव ज्यूलियन यांनी १९२५ मध्ये ‘फार्सी-मराठी कोश’ सिद्ध केला आणि १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. एकाच विद्वानाच्या हातून या दोन्ही गोष्टी घडाव्यात, यातच या प्रश्नाची गुंतागुंत दिसते.

आपल्या समीक्षेने मात्र ती टाळली. मराठवाड्यातील कथेत पात्र ‘जल्दी’ म्हणाले की त्याला ‘प्रादेशिक रंग’ म्हणून मोकळे होण्याची तिची सवय आहे. रंग हा पाहणाऱ्याला दिसतो; बोलणाऱ्याला तो शब्द केवळ हवा असतो. सिद्धेश्वरच्या धरणाकाठी रानात असलेला कुणबी मेघाला ‘जलद’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘आभाळ आलंय, जल्दी चला.’