हाकेला ओ

पक्ष्यांचा डॉक्टर म्हणून माझ्याकडे जे पोपट येतात, त्यांतले बरेचसे आजारी नसतात. पिंजरा टेबलावर ठेवता ठेवता घरची माणसं दमलेल्या आवाजात विचारतात, "डॉक्टर, हा जरा गप्प बसेल असं काही औषध आहे का हो?" असं औषध नाही, आणि असतं तरी मी दिलं नसतं. पण उपाय आहे. त्यासाठी आधी हा पक्षी ओरडतो कशाला, ते नीट समजून घ्यावं लागतं.

पोपट थव्यात राहतो. दाट पानांत हिरवा पक्षी सोबत्याला दिसत नाही, म्हणून सगळा व्यवहार आवाजावर चालतो. एकाने हाक द्यायची, दुसऱ्याने ओ द्यायची. ओ आली की पहिला निश्चिंत होऊन पुन्हा चरायला लागतो. व्हेनेझुएलात कार्ल बर्ग या संशोधकाने अगदी छोट्या रानपोपटांच्या घरट्यांत कॅमेरे बसवले आणि काही घरट्यांतली अंडी एकमेकांत बदलली. पिल्लांची हाक पुढे त्यांना वाढवणाऱ्या आईबापांच्या हाकेशी जुळली, जन्मदात्यांच्या नाही. हा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे कोणत्या हाकेने आपल्या माणसांना बोलवायचं, हे पोपट घरात शिकतो. आपल्या फ्लॅटमध्येही तो तेच शिकत असतो. फक्त त्याला काय शिकवतो आहोत, याचा आपल्याला पत्ता नसतो.

सन कन्युअरचं उदाहरण घेतो, कारण हल्ली मुंबई-पुण्यात आवाजाच्या तक्रारी सर्वांत जास्त त्याच्याच येतात. पिवळा-केशरी, वितीपेक्षा थोडा मोठा, अतिशय लाघवी पक्षी. मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला, गयाना आणि उत्तर ब्राझीलचा. तिथल्या मोकळ्या माळावर दूरवर पोहोचावी म्हणून घडलेली त्याची हाक आपण दहा बाय बाराच्या खोलीत आणून ठेवतो. ठाण्यातल्या एका घरात असा कन्युअर होता. नवराबायको दोघं नोकरीला, दिवसभर घरी आजी. तो आधी हळू शीळ घालायचा. आजी स्वयंपाकघरात, मिक्सर चालू, कुणाला ऐकू जायचं नाही. मग तो आवाज चढवायचा, आणि कानाला दडे बसतील अशी किंकाळी फुटली की आजी आतून ओरडायच्या, "अरे गप रे बाबा, आले!" आजींच्या लेखी तो दम होता. पोपटाच्या लेखी ती ओ होती. शिळेला ओ मिळत नाही, किंकाळीला मिळते, एवढं त्याने अचूक टिपलं. पोपट फार हुशार विद्यार्थी असतो.

त्यात अनेक घरांत आणखी एक गोष्ट होते. नऊ वेळा दुर्लक्ष करायचं आणि दहाव्यांदा असह्य होऊन धावत जायचं. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवरच्या प्रयोगांचं मोठं पुस्तक 1957 साली काढलं. दाणा कधी मिळेल आणि कधी नाही याचा नेम नसला, तर पक्षी सर्वांत चिकाटीने चोच मारत राहतो, हे त्या कामातून पक्कं झालं. तेव्हा अर्धवट दुर्लक्ष हे किंकाळी पक्की करण्याचं सर्वांत खात्रीचं साधन आहे.

आजींना मी सांगितलं ते असं. त्याची मूळची शीळ निवडा. ती ऐकू आली की घरात जिथे असाल तिथून, हातातलं काम न सोडता, तशीच शीळ घाला किंवा "हो रे राजा" म्हणा. पण लगेच, तीन-चार सेकंदांच्या आत. खोलीतून बाहेर पडताना तुम्हीच आधी आवाज द्या. किंकाळी आली तर काही बोलायचं नाही, पाहायचंही नाही, रागाने तर मुळीच नाही. तो श्वास घ्यायला थांबला, छोटासा जरी खंड पडला, की त्या शांततेला ओ द्यायची. आणि हे सगळ्यांनी पाळायचं. मुलगा संध्याकाळी येऊन किंकाळीवर बिस्किट देणार असेल, तर आजींची दिवसभराची मेहनत वाया गेली.

सुरुवातीचे काही दिवस ओरडणं कमी होत नाही, वाढतं. जे आजवर चालत आलं ते चालेना, म्हणून तो आणखी जोर लावतो. बहुतेक घरं इथेच हार मानतात, आणि नेमकी त्याच वेळी हार मानली तर त्याहून मोठी किंकाळी शिकवून बसतात. म्हणून मी आधीच सांगतो, शेजाऱ्यांना भेटा आणि पुढचा काही काळ जास्त त्रास होईल, हे स्वतःहून सांगा. सोसायटीच्या नोटिशीनंतर सांगण्यापेक्षा ते फार बरं.

नुसत्या दुर्लक्षावर माझा विश्वास नाही. गरज तशीच ठेवून आवाज तेवढा बंद करायचा, हे क्रूर आहे आणि ते टिकतही नाही. रानात पोपटाचे कित्येक तास अन्न शोधण्यात जातात. आपण त्याला वाटीभर सूर्यफुलाच्या बिया देतो, त्या तो थोड्या वेळात संपवतो, आणि मग उरलेला दिवस करायचं काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी ॲमेझॉन पोपटांना अन्न शोधायला आणि झटायला लावलं, तेव्हा त्यांचं स्वतःची पिसं उपटणं कमी झालं. तो अभ्यास पिसांबद्दलचा होता, पण मोकळ्या वेळाचं ओरडणंही कामाने कमी होतं, हे मी माझ्या दवाखान्यात पाहत आलो आहे. महागडी खेळणी लागत नाहीत. सालांसकट मक्याचं कणीस, मटारच्या न सोललेल्या शेंगा, कागदात गुंडाळून लपवलेला दाणा, कुरतडायला पेरूची ताजी फांदी. आणि हे त्याची ओरडण्याची वेळ व्हायच्या थोडं आधी द्यायचं, ओरडल्यावर नाही.

झोपेबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच विचारतो. बारा वाजेपर्यंत टीव्ही, आणि पिंजरा त्याच खोलीत! पोपटाला रोज दहा ते बारा तास अंधार आणि शांतता हवी. जागरण झालेला पोपट चिडका होतो. रात्री झोपायला कापड घालणं ठीक, पण दिवसा शिक्षा म्हणून पिंजरा झाकणं किंवा तोंडावर पाणी मारणं ताबडतोब थांबवा. त्याने भीती बसते, आणि भ्यालेला पोपट थव्याला आणखी मोठ्याने हाक मारतो. पिंजरा स्वयंपाकघराजवळ तर नकोच. मिक्सर आणि कुकरच्या शिटीवर मात करायला तो आवाज चढवतो हे एक. दुसरं जास्त गंभीर आहे. नॉनस्टिक भांडं फार तापलं तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावतो.

हे सगळं निरोगी पक्ष्याबद्दल झालं. आवाजात अचानक बदल झाला तर आधी तपासणी करून घ्या. पोपट आजार लपवतो. ज्याच्या ओरडण्याने घर हैराण होतं, तो एके दिवशी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, तर सुटल्यासारखं वाटून घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर वजन करण्याची सवय ठेवलीत, तर ती वेळ येण्याआधीच सुगावा लागतो.

आपला देशी पोपट, म्हणजे राघू किंवा करण पोपट, घरात असेल तर प्रश्न आवाजाच्या आधी कायद्याचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 प्रमाणे तो विकत घेणं आणि पाळणं गुन्हा आहे. बाजारात येणारी ही पिल्लं झाडांच्या ढोल्यांतून काढलेली असतात. तो खिडकीतून सोडूनही देऊ नका, माणसाळलेला पक्षी बाहेर जगत नाही. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

इतकं करूनही सकाळी उजाडताना आणि दिवेलागणीला थोडा वेळ तो ओरडणारच. दोन्ही वेळा थव्याच्या गजराच्या आहेत आणि त्या मी कुणालाही मोडायला सांगत नाही. म्हणून ज्यांच्या घरी अजून पोपट आलेला नाही, त्यांनी दुकानातलं गोंडस पिल्लू पाहून ठरवू नये. ज्या जातीचा पक्षी हवा आहे, तसा मोठा झालेला पक्षी ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या घरी संध्याकाळी साडेपाचला जा, सात वाजेपर्यंत त्याच खोलीत बसा आणि निघताना त्यांच्या शेजाऱ्यांशीही बोला.