बोलोन्यात पाहिलेले दुधाचे मोल

इटलीच्या उत्तरेला, पो नदीच्या सुपीक खोऱ्यात बोलोन्या नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठ युरोपातले सर्वांत जुने. १०८८ साली ते सुरू झाले असे मानतात. म्हणजे आम्हा मास्तर मंडळींची ती पंढरीच! माझे आयुष्य दुग्धशास्त्र शिकवण्यात गेले. एका परिषदेच्या निमित्ताने तेथे जाण्याचा योग आला.

शहरात शिरताच डोळ्यांत भरतात त्या कमानींच्या ओवऱ्या. घराचा वरचा मजला पुढे काढलेला आणि खाली खांबांमधून सावलीची वाट. अशा वाटा एकूण ६२ किलोमीटर भरतात. पाऊस असो वा ऊन, छत्रीवाचून बाजार करून यावे. चौकातले दोन जुने मनोरेही पाहण्याजोगे. थोरला ९७ मीटर उंच. धाकटा त्याच्या निम्मा, पण चांगलाच कललेला.

जेवणात तेथली ‘तालियातेल्ले’ खाल्ली. पीठ अंड्यात मळून लांब लाटण्याने पातळ पोळी लाटतात आणि तिच्या पट्ट्या कापतात. लाटणाऱ्या बाईंचा हात पाहून घरच्या शेवयांची आठवण झाली. वर खिम्याचा रस्सा आणि किसलेले पार्मेझान चीज.

हे चीज जेथे होते ती डेअरीही मी मुद्दाम जाऊन पाहिली. संध्याकाळचे दूध रात्रभर पसरट भांड्यांत ठेवतात. सकाळी वरची साय काढून त्यात सकाळचे ताजे दूध मिसळतात. मग तांब्याच्या मोठ्या कढईत ते विरजून, वासराच्या जठरातल्या रसाने साकळवतात. सुमारे ५५० लिटर दुधाचा ४० किलोचा एक गड्डा होतो. तो मिठाच्या पाण्यात मुरवून लाकडी फळीवर ठेवतात आणि निदान १२ महिने थांबतात. वर्षाने तपासनीस येऊन लहान हातोडीने गड्डा वाजवून पाहतो. आवाज खणखणीत आला तरच त्यावर शिक्का उठतो.

या गाईंना मुरघास घालायला सक्त मनाई आहे. त्यातले काही जंतू दुधात उतरले, तर मुरताना वायू धरून चीज फुगते, फाटते. म्हणून वैरण वाळलेली किंवा हिरवी, आणि तीही बहुतांशी त्याच भागातली. निवळीचे पाणीसुद्धा वाया जात नाही. त्यावर डुकरे पोसतात.

पण वर्षभर थांबायचे तर मधल्या काळात घर कशावर चालवायचे? त्यावर तोड अशी, की तेथली एक बँक चीजचे गड्डे गहाण ठेवून घेते आणि त्यावर कर्ज देते. शिवाय अशा कितीतरी डेअऱ्या दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्याच सहकारी मालकीच्या आहेत. मुरलेल्या मालाची वाढीव किंमत त्यांच्याच घरी येते.

तेच चीज आपल्या हवेत होईल की नाही, हा प्रश्न वेगळा. पण आपल्याकडे दूध दुपारपर्यंत नासेल या धाकाने मिळेल त्या भावाला घालावे लागते. तेथल्या शेतकऱ्याने हा धाक घालवला. त्यासाठी त्याला वैरणीची शिस्त, हक्काची डेअरी आणि वेळेला कर्ज, या तिन्ही गोष्टी लागल्या. यातली एक जरी नसती, तरी त्यालाही थांबणे परवडले नसते.