मागच्या सीटवरून मेणवली

उन्हाळ्यात आमच्या ह्यांचा मोटरसायकल क्लब पहाटे पाचलाच पुणं सोडतो, ऊन तापायच्या आत पोहोचायचं म्हणून. पूर्वी पुरुषमंडळीच जात. आता आम्ही बायकाही मागे बसतो, तेव्हापासून थांबे वाढले आणि डबेही!

पण मैत्रिणींनो, पदर सांभाळा. पदर किंवा ओढणी चाकात गेली की सावरायला वेळच मिळत नाही. मागच्या चाकाला जाळी आणि धरायला कडी हवी, असं मोटार वाहन नियमांतही आहे. हौशी लोक मात्र गाडी रुबाबदार दिसावी म्हणून जाळी काढतात. ह्यांनीही काढली होती. मी म्हटलं, "जाळी बसेल तेव्हाच मी बसेन." दोन रविवार हे एकटे गेले, तिसऱ्या रविवारी जाळी बसली. हेल्मेट दोघांनाही हवं. अंबाड्यावर ते नीट बसत नाही, सैल वेणी घालावी.

खंबाटकी घाट ओलांडून सुरूरला वळलं की वाई, आणि पुढे जवळच मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा घाट आणि तिथली ती प्रचंड घंटा! तिच्यावर मेरी, बाळ येशू आणि १७०७ साल कोरलंय. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली, तेव्हाची ही घंटा, असं सांगतात.

घाटावर थालीपीठ, दही, कैरीचं पन्हं. पुरुषांचं इंजिन ऑइलपुराण चालू असतं, आम्ही पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसतो. गेल्या खेपेला शेजारच्या वहिनींनी हळूच विचारलं, "जाळी कुठे मिळते हो?"