रेडिएटर बदलला, पण हिरवी बाटली विसरलो

वाचकहो, इथे आपण रक्तदाबापासून मुतखड्यापर्यंत बऱ्याच विषयांवर बोललो. आजचा विषय आहे मोटारीचा रेडिएटर. चुकीच्या पानावर आलो की काय, असं वाटू देऊ नका. ही गोष्ट शेवटी यकृतात आणि मूत्रपिंडातच पोचते.

मी इंग्लंडमध्ये डॉक्टर आहे, आणि मला एक हौस आहे: १९९७ सालची, जपानी बनावटीची, छत उघडणारी दोन आसनी स्पोर्ट्स कार. गेल्या उन्हाळ्यात तिच्या रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी तडकली. पंचवीसहून अधिक वर्षं गरम-गार होऊन ते प्लॅस्टिक तपकिरी आणि ठिसूळ झालं होतं. इथे गॅरेजची मजुरी तासावर मोजतात, म्हणून एका शनिवारी घरासमोरच काम काढलं.

आधी गाडी गार होऊ द्या

रेडिएटर म्हणजे प्रेशर कुकरचा भाऊ. त्याचं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं की दाब क्षणात उतरतो आणि वाफेसकट उकळतं पाणी तोंडावर, छातीवर उडतं. असे भाजलेले चेहरे मी पाहिले आहेत. गाडी कडेला लावून "जरा पाणी बघू" म्हणणारीच माणसं असतात ती. किमान दोन-तीन तास थांबा. वरचा पाइप हाताला गार लागला तरच झाकणाला हात लावा.

भाजलंच तर नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली तो भाग पूर्ण २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांतलं काहीही लावू नका. चेहरा किंवा डोळे भाजले असतील तर पाण्यानंतर थेट रुग्णालय गाठा.

काम तसं सोपं

बॅटरीची तार काढली, कारण विजेवरचा पंखा अवचित फिरला तर बोटं जातात. गाडी जॅकने उचलून पक्क्या स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक सुटायला एक क्षण पुरतो. मग खालचा बूच उघडून कूलंट काढलं, वरचा-खालचा पाइप सोडवला, पंख्यांच्या वायरी काढल्या, वरचे बोल्ट सैल केले आणि रेडिएटर उचलून बाहेर घेतला. चिकटून बसलेला पाइप स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये, आधी हाताने पिळून सैल करावा. पातळ पत्र्याच्या जाळीने बोट कापतं, तेव्हा हातमोजे हवेत.

जुने पंखे नव्या रेडिएटरवर चढवले, कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणी निम्मं-निम्मं मिसळून भरलं आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू केलं. आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडेपर्यंत थांबलो. सकाळी नऊला सुरू केलेलं काम दुपारी दोनला संपलं. स्वतःवर भलताच खूश होतो.

खसचं सरबत

चूक तोवर होऊन गेली होती. जुनं कूलंट टबात काढलं होतं. टब वाटेत येत होता, म्हणून ते लेमनेडच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि हात धुवायला गेलो तेव्हा बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावरच राहिली.

माझे वडील साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. वय ७४, एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची होती. मी आत आलो तेव्हा ते पेल्यात बर्फ टाकत होते. पेला हिरव्या पाण्याने भरलेला.

"काय रे, खसचं सरबत इथंपण मिळतं होय?"

मी पेला हातातून अक्षरशः हिसकावला. "बाबा, प्यायलात का?" एवढंच चार वेळा विचारलं. प्यायले नव्हते. बर्फ विरघळायची वाट पाहत होते.

त्या पेल्यात साधारण दोनशे मिलिलिटर होतं. त्यातलं निम्मं इथिलीन ग्लायकॉल धरलं, तर प्रौढ माणसाच्या जिवावर बेतायला तेवढं पुरतं. लहान मुलाला काही घोट पुरतात, मांजराला चमचाभर. त्याची चव गोड असते आणि वास जवळजवळ नसतो. काही कंपन्या त्यात कडू द्रव्य घालतात, पण त्यावर विसंबू नका.

शरीरात काय होतं?

इथिलीन ग्लायकॉल स्वतः तेवढं घातक नसतं, त्याचं विष आपलं यकृतच बनवतं. दारू पचवणारं एन्झाइम त्याच्यावर काम करतं आणि त्यातून आधी ग्लायकोलिक आम्ल, मग ऑक्झॅलिक आम्ल तयार होतं. पहिल्या आम्लाने रक्ताची आम्लता वाढते. दुसरं कॅल्शियमशी जुळून कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक बनवतं. होय, तेच, जे बहुतेक मुतखड्यांत सापडतं. इथे मात्र ते सूक्ष्म रूपात मूत्रपिंडभर साचतात आणि लघवी बंद पडते.

पहिल्या काही तासांत माणूस प्यायल्यासारखा वागतो: तोल जातो, जीभ जड होते, उलट्या होतात. पुढे श्वास जोरजोरात चालू लागतो. साधारण एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ लागतात. मधल्या वेळात रुग्ण सावरल्यासारखा वाटू शकतो, आणि घरचे तिथेच फसतात.

याच कुळातल्या डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोग त्याच प्रकरणात नेमला गेला.

चुकून पोटात गेलं तर

- लक्षणांची वाट पाहू नका. एक घोट गेल्याचा संशय आला तरी लगेच मोठ्या रुग्णालयात जा. भारतात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.
- उलटी करवू नका. मीठ-पाणी पाजू नका.
- बाटली किंवा डबा बरोबर न्या. किती आणि कधी प्यायलं, हे सांगा.

वेळेत पोचलं तर उपचार आहेत. फोमेपिझोल नावाचं औषध ते एन्झाइम अडवतं. ते नसेल तर डॉक्टर मोजून इथेनॉल, म्हणजे मद्यार्कच, देतात; एन्झाइम त्यात गुंतून राहतं आणि विष बनत नाही. गरज पडली तर डायलिसिसने रक्त स्वच्छ करतात. म्हणून घरी कुणी दारू पाजू नये. ते मोजमापाचं, देखरेखीखाली करायचं काम आहे.

माझ्यापुरता धडा

हे सगळं मला त्या शनिवारीही पाठ होतं. परीक्षेत लिहिलेलं, विद्यार्थ्यांना शिकवलेलं. तरीही बाटली ओट्यावर गेली, कारण माझं सगळं लक्ष काम संपवण्यात होतं. ज्ञानाने अपघात टळत नाहीत, सवयीने टळतात.

आता माझ्याकडे जुन्या कूलंटसाठी वेगळा, जाड झाकणाचा कॅन आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत "विष" लिहिलंय, म्हणजे बाबांना चष्म्याशिवायही दिसेल. भरला की तो नगरपालिकेच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर देतो. गटारात किंवा बागेत ओतत नाही. सांडलं तर लगेच पुसून पाण्याने धुतो.

तुमच्याकडे स्पोर्ट्स कार नसेल. पण फिनेल, ॲसिड, रॉकेल, कीटकनाशक पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेलं आहे का? आज घरी गेल्यावर मोरीत, माळ्यावर, सिंकखाली एकदा बघा. सापडलं तर आजच काढा.

बाबांनी त्या दिवशी शेवटी ताक घेतलं. मी स्वतः करून दिलं, आणि पहिला घोट मीच घेतला.